पगार चांगला, काम सोपं, आणि तरी हात रिकामे

कोरा_कागद | १४ ऑगस्ट, रात्री ११.५२

नमस्कार. इथं तीन वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी २४ वर्षांची. गाव तासगाव तालुक्यात, इंजिनिअरिंग सांगलीला, ई अँड टीसी, २०२४ पासआउट. कॅम्पसला निवड झाली, जुलैत जॉइन झाले. आता तेरा महिने झाले, हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत आहे. हातात ५२ हजार येतात. आमच्या घरात एवढा पगार आजवर कुणालाच नव्हता.

काम काय ते नीट सांगते, कारण अडचण तिथंच आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं जुनं मेनफ्रेम आहे, म्हणजे सगळे हिशेब करणारा मोठा संगणक. त्यावर रोज शेकडो जॉब, म्हणजे ठरवून दिलेली हिशेबाची कामं, ठरल्या वेळी एकापाठोपाठ एक पळतात. मी एल-वन मॉनिटरिंगला, म्हणजे पहिल्या पायरीला, नुसतं लक्ष ठेवायला. दुपारी दोनला मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, आत जायचं, स्क्रीन उघडायची. सगळ्या ओळी हिरव्या असतील तर काहीच करायचं नाही. एखादी लाल झाली तर एसओपीचं, म्हणजे ठरलेल्या कृतींच्या वहीचं, तेवढं पान काढायचं, त्यात लिहिलंय तेवढं करायचं, तिकीट टाकायचं, म्हणजे बिघाडाची नोंद करायची, आणि एल-टूला, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या पुढच्या पायरीला, फोन लावायचा. तिथं माझं काम संपलं. लाल का झाली, नंतर हिरवी कशी झाली, हे मला कुणी सांगत नाही आणि मी विचारावं अशी कुणाची अपेक्षाही नाही. दर तासाला "सर्व जॉब सुरळीत" अशी मेल जाते. नऊ तासांत खरं काम तासाभराचं.

एप्रिलमध्ये मी त्या तासाच्या मेलसाठी एक मॅक्रो लिहिला. आपोआप आकडे उचलतो, मेल तयार करतो. दोन दिवस खपून केला, फार आनंद झाला होता. लीडना दाखवला. ते म्हणाले, चांगलाय, वापर, पण क्लायंटसमोर बोलू नकोस, आपलं बिलिंग माणसांच्या संख्येवर आहे. झालं. आता काम अर्ध्या तासाचं राहिलं. बाकीचा वेळ टीम्सवरचा, म्हणजे ऑफिसच्या चॅटवरचा, हजेरीचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून मधूनमधून माऊस हलवत बसते. कामात असल्याचं दाखवणं कामापेक्षा जड जातं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

माझे वडील एसटीच्या विभागीय कार्यशाळेत यांत्रिक आहेत. लहानपणी त्यांच्याबरोबर सांगली स्टँडवर गेले की ते एखाद्या गाडीकडं हात करून सांगायचे, "ही आपल्या हातनं गेलेली हाय." नंबर पाठ असायचा. कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवला, कुठल्या गाडीच्या ब्रेकनं तीन दिवस छळलं, सगळं. घरी आले की आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, तरी नखांत काळं राहायचंच. ते हात मला आजकाल सारखे आठवतात. माझे हात दिवसभर स्वच्छ असतात आणि संध्याकाळी त्यांनी काय केलं ते मला सांगता येत नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप होता, तेव्हा आप्पाही संपात होते. मी इंजिनिअरिंगला होते. त्या महिन्यांत घरात पगार नव्हता. आईनं पाटल्या मोडून माझी फी भरली. ते बघितलेल्या पोरीनं "पगार चांगला आहे पण मन लागत नाही" असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हणून घरी बोललेली नाही. आप्पा चौकात सगळ्यांना सांगतात, पोरगी आयटीत हाय. पगार ऐकून स्थळं यायला लागलीत.

मला खरंच विचारायचंय: हा माझा करंटेपणा आहे का? की पहिल्या नोकरीत सगळ्यांचंच असं होतं आणि थांबलं की बरं होतं?

अभ्यासिका_तिसरा_मजला | १५ ऑगस्ट, सकाळी ७.१०

ताई, राग मानू नका. मी सदाशिव पेठेत चौथं वर्ष काढतोय, राज्यसेवेसाठी. पूर्व दोनदा निघाली, मुख्यला राहिलो. मेस आणि खोलीचे पैसे अजून घरून येतात, वडील उसाच्या बिलातून बाजूला काढून पाठवतात. तुमची पोस्ट वाचून पहिल्यांदा पोटात ढवळलं. अर्ध्या तासाच्या कामाचे ५२ हजार. मला ते अर्ध्या तासाचं काम द्या, बाकीचे आठ तास मी तिथंच बसून अभ्यास करीन.

करंटेपणा म्हणणार नाही. पण सोडायचा विचार असेल तर आधी हातात दुसरं काहीतरी घ्या. रिकाम्या खिशाचा रिकामेपणा वेगळा असतो, एवढं मात्र मी अनुभवानं सांगतो.

ऋतुगंध | १५ ऑगस्ट, सकाळी ९.३४

अगं, मी २६ वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक केली. टपाल घ्यायचं, नंबर टाकायचा, फाइल पुढं सरकवायची. पहिली दोन वर्षं मीही अशीच तळमळले. मग एक दिवस ठरवलं की नोकरी माझं घर चालवेल, मला चालवणार नाही. संध्याकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत बालवाचनालय सुरू केलं. आज तिथं बाराशे पुस्तकं आहेत आणि पहिल्या तुकडीतली मुलं आपल्या मुलांना घेऊन येतात. माझं काम ते. नोकरीनं त्याचं भाडं भरलं.

तुमच्या पिढीला नोकरीतच सगळं हवं असतं, असं मला वाटतं. नोकरीकडून एवढी अपेक्षा ठेवलीस तर तिच्यावर अन्याय होईल आणि तुझ्यावरही.

अभियंता१९८९ | १५ ऑगस्ट, दुपारी १२.०५

ऋतुगंधताईंशी अर्धाच सहमत आहे. त्यांचं वाचनालय सुंदरच आहे, पण या मुलीचे दिवसाचे नऊ तास जागेपणी जाताहेत, ते असे कसे सोडून द्यायचे?

माझा अनुभव सांगतो. १९८९ साली डिप्लोमा करून पिंपरीच्या एका कारखान्यात ट्रेनी लागलो. मला इन्स्पेक्शनला बसवलं. समोर बुशांचा, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्यांचा ट्रे, हातात गो-नोगो गेज. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं, नाही गेलं, ट्रेमध्ये टाक. दिवसाला हजार-बाराशे बुश. तीन महिन्यांनी मला स्वप्नातही बुश दिसायला लागले. हे कुठं जातात, मला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती.

आमच्या शॉपमध्ये एक वयस्कर चार्जमन होते. त्यांनी एकदा माझ्या ट्रेमधले दोन बुश उचलले. एक पास झालेला आणि एक मी कंटाळून पास केलेला, खरं तर नापास. मला घेऊन असेंब्लीला गेले. दोन्ही बसवून दाखवले. पहिला अंगठ्याच्या दाबानं बसला. दुसरा ठोकून बसवावा लागला आणि शाफ्ट फिरवला की अडखळत होता. ते एवढंच म्हणाले, "हे गाडीवाल्याला घाटात कळेल." त्या दिवसानंतर तेच काम, तोच ट्रे, पण मला पुन्हा कंटाळा आला नाही असं म्हणणार नाही, आला; पण तो सोसण्यासारखा झाला. बुश कुठं जातो ते मला दिसलं होतं.

बाळा, तू बघतेस त्या जॉबच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, तुला माहीत आहे का?

कोरा_कागद | १५ ऑगस्ट, दुपारी १.२०

सगळ्यांचे आभार. शिफ्टला निघतेय, थोडक्यात लिहिते.

अभ्यासिका, तुमचा राग मला लागला नाही. उलट तुम्ही नुसते चिडून गेला नाहीत, हेच खूप.

ऋतुगंधताई, मला सकाळचा वेळ असतो. पण खरं सांगू? काही न करता नऊ तास बसून येणारा थकवा झोपेनं जात नाही. सकाळी उठते आणि काहीच सुरू करावंसं वाटत नाही. सोल्डरिंगचा सेट आणला होता, अजून खोक्यात आहे. कॉलेजात रात्री दोनपर्यंत लॅबमध्ये असायचे आणि सकाळी ताजी असायचे.

अभियंताकाका, नाही. मला माहीत नाही. जॉबचं नाव आठ अक्षरांचं असतं. मी त्या अक्षरांना रोज बघते. त्यांचा अर्थ काय, कधी विचारलाच नाही. तुमचा प्रश्न वाचून जरा लाजच वाटली.

श्वार्झवाल्ड_कट्टा | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४८

स्टुटगार्टहून लिहितोय. इथं याला शब्द आहे, बोअरआउट. दोन स्विस सल्लागारांनी २००७ साली तो रूढ केला, बर्नआउटच्या जोडीला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कमी काम, कंटाळा आणि कामात रस नसणं हे तिन्ही एकत्र आलं की माणूस ते लपवायला लागतो, आणि लपवण्यातच त्याची शक्ती जाते. तुमचा माऊस हलवण्याचा किस्सा म्हणजे नेमकं तेच. तेव्हा हे करंटेपण नाही. कामाचा ताण असलेल्या माणसाला निदान तक्रार करता येते. तुमच्या परिस्थितीत तक्रार करायलाही तोंड नसतं, कारण ऐकणारा म्हणणार, मजा आहे तुझी.

पाटीपेन्सिल | १५ ऑगस्ट, रात्री ९.१५

मी व्यवस्थापन शिकवते, म्हणून थोडी भर. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात पिट्सबर्ग भागातल्या दोनशेच्या आसपास अभियंत्यांना आणि हिशेबनीसांना विचारलं होतं, की नोकरीत तुम्हाला विशेष बरं कधी वाटलं आणि विशेष वाईट कधी वाटलं. आपण समजतो की या दोन्हींची कारणं एकच, नुसती उलटसुलट: पगार असला की बरं, नसला की वाईट. निघालं वेगळंच. वाईट वाटण्याच्या आठवणींत पगार, वरिष्ठ, नियम, कामाची जागा हे यायचं. बरं वाटण्याच्या आठवणींत बहुतेक वेळा काहीतरी तडीला नेलेलं असायचं, कुणी त्याची दखल घेतलेली असायची, जबाबदारी मिळालेली असायची, आणि मुख्य म्हणजे ते काम स्वतःच भावलेलं असायचं.

म्हणजे पगार दुखणं थांबवतो. भूक भागवत नाही. या मांडणीवर पुढं बरीच टीका झाली, ती मी वर्गात शिकवतेही. पण दरवर्षी नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी भेटायला येतात आणि निम्मे हेच बोलतात, म्हणून मला ती खोटी वाटत नाही.

कोरा_कागद, तुझ्या पोस्टमध्ये तू आनंद हा शब्द एकदाच वापरलायस. मॅक्रो केला तेव्हा. पुन्हा वाचून बघ.

रातपाळी | १६ ऑगस्ट, पहाटे ३.२६

मी चौदा वर्षं मेनफ्रेमवर आहे, सुरुवात तुझ्यासारखीच एल-वनला. आताही शिफ्टमध्येच आहे. कामाचं बोलतो.

पहिलं, तुझी घालमेल सोड, तुझ्या कामाचं भवितव्य बघ. स्क्रीन बघून फोन करणं हे काम यंत्राकडं जाणार, जातच आहे. तुझ्या मॅक्रोनं तेच दाखवलं. तीन वर्षं असं काढलंस तर पुढच्या इंटरव्ह्यूला समोरचा विचारेल, तू काय केलंस, आणि तुझ्याकडं सांगायला एसओपीची पानं असतील. सोपी नोकरी फुकट नसते, तिची किंमत उशिरा कळते, इतकंच.

दुसरं, तू सोन्याच्या खाणीच्या दारात बसून तिकिटं फाडतेयस. त्या जॉबच्या मागं कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्राम आहेत, काही तुझ्या आप्पांच्या वयाचे असतील. विमा कंपनी पैसे कसे मोजते, कुणाला देते, कधी अडवते, सगळं त्यात लिहिलंय. जॉब अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की फोन करून मोकळी होऊ नकोस. स्पूल, म्हणजे जॉबनं मागं ठेवलेली नोंद, उघडून वाच. वाचण्याचा ॲक्सेस एल-वनलाही बहुतेक ठिकाणी असतो. जेसीएल, म्हणजे जॉब कसा चालवायचा त्याच्या सूचना, वाच: कुठली फाइल आत येते, कुठली बाहेर जाते. एवढं समजलं की अर्धं चित्र दिसतं. मग एल-टूवाल्यांना विचार, की शिफ्ट संपल्यावर तासभर शेजारी बसू का. कुणीतरी एक नक्की हो म्हणेल. शिकवायला आवडणारी माणसं प्रत्येक मजल्यावर असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

तिसरं, सोडायचीच असेल तर नोटीस पिरियड बघ, बहुतेक ९० दिवस असेल. बाँड आहे का ते ऑफर लेटरमध्ये बघ. आणि पीएफ काढू नकोस. पाच वर्षं सलग सेवा व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, तोच ठेवून नव्या ठिकाणी ट्रान्सफर कर, मागची वर्षं धरली जातात.

ओढ्याकाठी | १६ ऑगस्ट, सकाळी ६.५०

तुम्ही तासगावकडच्या म्हणून लिहितो. मी निफाडचा, साडेचार एकर द्राक्ष. सोल्डरिंगचा सेट म्हणालात. काय बनवायचं होतं?

कोरा_कागद | १६ ऑगस्ट, सकाळी १०.३०

ओढ्याकाठी, हे विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर इथं लिहिणार नव्हते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही तिघींनी पानांच्या ओलाव्याचा सेन्सर केला होता. तुम्हाला सांगायला नको, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाची भीती. पण नुसता पाऊस मोजून उपयोग नसतो. डावणीचे बीजाणू पाण्यात पोहत पानात शिरतात, म्हणजे पान किती तास ओलं राहिलं ते महत्त्वाचं. पाऊस थोडाच, पण रात्रभर दव आणि सकाळी ढग, तर पान वाळतच नाही. आमचा सेन्सर म्हणजे पानाएवढी पट्टी, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा एकमेकींत गुंतलेल्या. पाणी पडलं की रेषांमधला विरोध बदलतो. ते तास मोजून मामांच्या मोबाइलवर मेसेज जायचा.

मामांच्या बागेत लावला होता. पहिल्या आठवड्यात रोज पहाटे तीनला मेसेज यायचा की पान ओलं आहे. आम्हाला वाटलं बिघडला. मामा स्वतः पहाटे बॅटरी घेऊन बागेत गेले, पानाला हात लावून बघितला आणि फोन केला, "ओलंच हाय गं." तो फोन मी विसरणार नाही. त्या हंगामात त्यांनी दोनदा फवारणीचा पंप जोडला आणि मेसेज बघून परत ठेवला.

आता तो डबा त्यांच्या पडवीत आहे. बॅटरी संपलीय. मी पुण्यात.

ओढ्याकाठी | १६ ऑगस्ट, सकाळी ११.१५

पंप परत ठेवला म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना कळणार नाही, म्हणून सांगतो. औषध, डिझेल, माणूस, सगळं वाचलं, आणि द्राक्ष बाहेर पाठवायचं असेल तर औषधाचा अंश तेवढा कमी. आम्ही भीतीपोटी मारतो. आभाळ आलं की मारतो. खात्री असती तर निम्मा वेळ मारलं नसतं.

तुम्ही पुण्यातच आहात ना? मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. आम्ही शेतकरी तिथं जातो, विचारतो, ते लोक बोलतात. हिंजवडीहून लांब पडेल, पण तुम्हाला सकाळ मोकळी असते म्हणालात. एकदा जाऊन या. कुठली नोकरी मागायला नको. तुमचा डबा घेऊन जा.

सांजवात_नाशिक | १७ ऑगस्ट, रात्री ८.०२

माझी लेक तुझ्याच वयाची आहे गं, बंगळुरूला. वाचताना सारखं वाटत होतं, हिनंही मला असंच काही सांगितलं नसेल का. घरी सांग. पण "मन लागत नाही" म्हणून सुरुवात करू नकोस, ते ऐकून आईवडील घाबरतात. दिवसभर काय करतेस ते सांग, इथं जसं लिहिलंस तसं. तुझ्या आप्पांना यंत्र कळतं. त्यांना तुझं यंत्र समजावून सांग. मला वाटतं त्यांना तुझा पगार माहीत आहे, काम माहीतच नाही.

आणि स्थळांचं म्हणशील तर पगार ऐकून येणाऱ्यांना थोडं थांबू दे.

गेटच्या_बाहेर | १८ ऑगस्ट, दुपारी ४.४०

एम.टेकचा विचार केलात का? सेन्सर, एम्बेडेड, इन्स्ट्रुमेंटेशन. गेट, म्हणजे त्याची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत असते, फॉर्म याच महिन्याच्या शेवटी सुटतात. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे यंदा दिली तरी निर्णय लगेच घ्यावा लागत नाही. गेटवरून प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो. ५२ हजारांवरून तिथं यायचं म्हणजे घरचं गणित बसवायला लागेल, म्हणून आत्ताच दर महिन्याला बाजूला टाकत चला. मी नोकरी सोडून अभ्यास केला होता. आता मागं बघता ती चूक होती. नोकरीसोबतही झाला असता.

कोरा_कागद | २१ सप्टेंबर, सकाळी ११.०५

महिनाभर इथं आले नाही, कारण सांगण्यासारखं काही करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

लीडना विचारलं, एल-टूचं काम शिकू का. आधी नाही म्हणाले. माझं बिलिंग एल-वनला आहे, एल-टूच्या कामावर तास टाकता येणार नाहीत. मी म्हटलं, तास टाकत नाही, शिफ्टनंतर बसते. मग ते म्हणाले, तुझी हरकत नसेल तर माझीही नाही. एल-टूमध्ये एक ताई आहेत, कोल्हापूरच्या, त्या हो म्हणाल्या. रातपाळीदादा, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. त्या म्हणाल्या, सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

आठवड्यातून तीन दिवस अकरा ते बारा बसते. स्पूल वाचते. पहिले पंधरा दिवस काही म्हणजे काही कळत नव्हतं. आणि एक गोष्ट कळली, ती अभियंताकाकांसाठी. महिनाअखेरीला जो जॉब मी तेरा वेळा नुसता हिरवा होताना बघितला, तो निवृत्त माणसांचे महिन्याचे पैसे काढतो. त्यांनी आयुष्यभर हप्ते भरलेले असतात आणि आता दर महिन्याला त्यांच्या खात्यावर ठरलेली रक्कम जाते. तो जॉब सकाळपर्यंत अडला तर त्या सगळ्यांचे पैसे एक दिवस उशिरा. आठ अक्षरांच्या मागं एवढी म्हातारी माणसं उभी होती आणि मी माऊस हलवत होते.

मांजरीला जायचं राहिलंय. गेटचा फॉर्म भरलाय. थकवा कमी झालाय, गेलेला नाही.

ऋतुगंध | २१ सप्टेंबर, दुपारी १२.४०

तेव्हा मी तुमच्या पिढीला उगाच धरलं. आवक-जावकला असताना माझ्या हातून गेलेल्या टपालात विधवा निवृत्तिवेतनाचे अर्ज असायचे. मला ते माहीत होतं आणि मी त्याकडं कधी त्या नजरेनं बघितलं नाही. तुझं वाचून आज सकाळपासून ते अर्ज डोळ्यांसमोर येताहेत.

अभ्यासिका_तिसरा_मजला | २१ सप्टेंबर, रात्री १०.२०

ताई, मी हा धागा मधूनमधून उघडत होतो. एक कबूल करतो. मला पद हवंय, पण त्या पदावरचं रोजचं काम काय असतं हे मी कुठल्याच अधिकाऱ्याला जाऊन विचारलेलं नाही. गावी गेलो की नायब तहसीलदारांच्या कचेरीत एक दिवस नुसता बसून येणार आहे. तुम्ही मांजरीला जा.

रातपाळी | २२ सप्टेंबर, पहाटे ४.०१

छान. फक्त एक सांभाळ: शिफ्टनंतरचा तास तुझा आहे, त्याची फुकटची सवय कंपनीला लावू नकोस. ॲप्रेझलच्या आधी काय काय शिकलीस याची तारखेनिशी नोंद ठेव आणि एल-टूची जागा माग. शिकण्याचा उत्साह आहे म्हणून हक्क सोडायचा नसतो.

कोरा_कागद | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

दिवाळीत घरी गेले होते. सांजवातकाकू, तुमचं ऐकलं. फराळाच्या ताटाजवळ बसून आप्पांना सांगितलं की मी दिवसभर काय करते. सगळं, मॅक्रो आणि हिरव्या ठिपक्यासकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गाडीला हात न लावता नुसतं रजिस्टर लिवायला बसवलंय व्हय तुला." रागावले नाहीत. मामांच्या पडवीतला डबा त्यांनीच जाऊन आणला, बॅटरी बदलली, आणि मी निघाले तेव्हा पिशवीत बांधून दिला. आता माझ्या खोलीत आहे. मांजरीला पुढच्या गुरुवारी जातेय, सुट्टी टाकलीय.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. ऑक्टोबरची महिनाअखेर. आमची शिफ्ट दोनपर्यंत वाढवली होती. पाऊण वाजता तो पैशांचा जॉब लाल झाला. एसओपीप्रमाणं तिकीट टाकलं, एल-टूच्या ताईंना फोन लावला. त्या घरून कॉलवर होत्या. म्हणाल्या, "मी ऐकतेय, तूच बघ."

स्पूल उघडला. सॉक सेव्हन. मेनफ्रेमवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी, प्रोग्राम आकडा समजून बेरीज करायला गेला आणि तिथं आकडा नव्हता. माझे हात थंड पडले होते. ऑफसेटवरून, म्हणजे प्रोग्राम कुठं अडला त्या आकड्यावरून, लिस्टिंगमधली, म्हणजे प्रोग्रामच्या छापील प्रतीतली, ओळ काढली, ओळीवरून फील्ड, फील्डवरून फाइलीतली जागा. एकसष्ट हजार रेकॉर्ड. हेक्स लावून, म्हणजे फाइल कच्च्या रूपात उघडून, त्या जागेवर शोधलं. एका माणसाच्या रेकॉर्डमध्ये रकमेच्या जागी काहीच नव्हतं. शून्यही नाही. नुसती मोकळी जागा. त्याच दिवशी कुणीतरी ते रेकॉर्ड हातानं चढवलं होतं आणि रक्कम भरायची राहिली होती. त्या एकासाठी बाकीचे सगळे अडले होते.

ताईंनी क्लायंटकडून परवानगी घेतली, ते रेकॉर्ड बाजूला काढलं, त्या माणसाची रक्कम त्यांच्याकडून वेगळी मागवून घेतली, आणि त्याच स्टेपपासून जॉब पुन्हा सोडला. एक पस्तीसला ओळ हिरवी झाली. ही ओळ मी आधी शेकडो वेळा हिरवी झालेली बघितली आहे. कॅबमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मला झोप येत नव्हती आणि मी थकलेही नव्हते.

सकाळी सातला आप्पांना फोन केला. ते कार्यशाळेत निघायच्या घाईत होते. मी सांगायला लागले, एकसष्ट हजार माणसांची ओळ होती, त्यात एका जागी आकडाच नव्हता, मोकळी जागा, आणि सगळं बंद पडलं. ते मध्येच म्हणाले, "म्हंजे डिझेलच्या लायनीत हवा धरली की गं. टाकी भरलेली, इंजिन चांगलं, अन् गाडी जागची हलत न्हाई."

मी म्हटलं, अगदी तस्संच.

"मग कुठनं काढलीस हवा?"

मागून आईचा आवाज येत होता, डबा निवतोय, हजेरी चुकेल. आप्पा म्हणाले, "थांब गं जरा," आणि मला म्हणाले, "हां, सांग. पयल्यापासनं सांग."